फुकट घराचा मेंटेनन्स

माझ्या चुलत आत्याकडे साडीच्या दुकानातली एक जाड प्लास्टिकची पिशवी आहे. तिचं मुंबईतलं सगळं आयुष्य त्या पिशवीत मावलंय. सासऱ्यांच्या नावाचा 1976 च्या झोपडपट्टी गणनेतला फोटोपास, कोपरे झिजलेलं रेशन कार्ड, 1994 चं लाइट बिल, मतदारयादीच्या पानाचा झेरॉक्स आणि सगळ्यात वर, चार घड्या घातलेलं ‘परिशिष्ट-2’, म्हणजे पुनर्वसनाला कोण पात्र आणि कोण अपात्र याची सरकारी यादी. या यादीत तिच्या घरापुढे ‘पात्र’ लिहिलंय. तो शब्द तिने पेनने अधोरेखित केलाय. पाहुणा आला की आत्या पाणी देते, चहा टाकते आणि विषय निघालाच तर पिशवी काढते.

आता ती अकराव्या मजल्यावर राहते. एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या बिल्डिंगमध्ये. ‘अडीच वर्षांत घर’ सांगून वस्ती उठवली होती, चावी मिळाली नवव्या वर्षी. मधे बिल्डर दोनदा बदलला, बिल्डरने द्यायचे भाड्याचे चेक दीड वर्ष आलेच नाहीत आणि आतोबा ट्रान्झिट कॅम्पच्या तात्पुरत्या खोलीतच वारले. पण घर मिळालं. संडास आत, मोरी आत, नळाला पाणी. ‘आपलं घर’ म्हणताना तिचा चेहरा बघण्यासारखा असतो, आणि त्या आनंदाची थट्टा करण्याचा मला काहीही हक्क नाही.

मागच्या महिन्यात गेलो तेव्हा लिफ्टच्या दाराला सुतळी बांधलेली होती. दोनपैकी एक लिफ्ट वर्षभर बंद, दुसरी चार दिवसांपासून. सहाव्या मजल्याच्या वळणावर कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती, चढणाऱ्यांना दम खायला. मी तिच्यावर बसलो. शेजारच्या भिंतीवर थकबाकीदारांची यादी होती. बेचाळीस खोल्या. त्यात आत्याचाही नंबर होता.

शहरातल्या गरिबांच्या घरांसाठी सरकारने मदत करावी का, हा वाद माझ्या लेखी संपलेला आहे. करावी. ज्या शहरात 2011 च्या जनगणनेप्रमाणे साधारण 42 टक्के माणसं झोपडपट्टीत राहतात, तिथे त्यांना बाजाराच्या हवाली करणं म्हणजे शहराचे स्वयंपाकी, ड्रायव्हर, सफाई कामगार आणि नर्सेस यांना ‘तुम्ही या, पण राहू नका’ म्हणण्यासारखं आहे. वाद आहे तो मदत कशाची करायची, यावर. गेली तीस वर्षं सरकार ‘घर’ देतंय. सरकारने घर देऊच नये. पायाखालच्या जमिनीचा कागद द्यावा, नळ-गटार-वाट द्यावी, वर थोडे पैसे द्यावेत आणि बाजूला व्हावं. घर माणसं बांधतात. बांधत आलेलीच आहेत. आत्याचं जुनं दहा बाय पंधराचं, पोटमाळ्याचं घर कुठल्या प्राधिकरणाने बांधून दिलं नव्हतं. आधी बांबू आणि ताडपत्री, मग पत्रा, मग विटा, मग लादी, असं ते पंधरा वर्षांत भिशीच्या पैशातून उभं राहिलं होतं.

1995 च्या निवडणुकीत 40 लाख झोपडपट्टीवासीयांना फुकट घरं देण्याचं आश्वासन होतं. म्हणजे आठ लाख घरं. सत्तांतर झालं, अफझलपूरकर समिती बसली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण (एसआरए) उभं राहिलं. योजना हुशार होती, हे मान्यच करायला हवं. तिजोरीतून दमडी काढायची नाही. बिल्डरने वस्तीवाल्यांची संमती गोळा करायची (आधी 70 टक्के लागायची, आता 51 वर आली), त्यांना त्याच जागेवर फुकट घर बांधून द्यायचं आणि बदल्यात मिळणाऱ्या जादा चटईक्षेत्रावर, म्हणजे एफएसआयवर, बाजारभावाने विकायची इमारत चढवायची. फुकट घराचा आकार आधी 225 चौरस फूट होता, मग 269 झाला, आता 300 आहे. तीस वर्षांत अशी घरं झाली अडीच-पावणेतीन लाखांच्या आसपास. आठ लाखांचं आश्वासन अजून निम्म्यावरही आलेलं नाही.

आकडा लहान आहे, हे माझं मुख्य गाऱ्हाणं नाही. ही मदत जाते कुठे, ते बघा. विक्रीच्या इमारतीतून नफा सुटला तरच बिल्डर येतो. त्यामुळे वरळी, वांद्रे, अंधेरीतल्या वस्तीसाठी बिल्डरांच्या रांगा लागतात आणि एकाच वस्तीत दोन-दोन कमिट्या, दोन-दोन बिल्डर, संमतीपत्रांवर सह्यांची पळवापळवी सुरू होते. मानखुर्द-गोवंडीच्या चिखलात पाय रोवून उभ्या असलेल्या वस्तीकडे कुणी ढुंकून बघत नाही, कारण तिथे विक्रीच्या फ्लॅटला भाव नाही. उलट शहरात इतरत्र रस्ता रुंद झाला, रेल्वेचा मार्ग वाढला की विस्थापितांना आणून टाकण्याची जागा म्हणजे हाच एम पूर्व वॉर्ड. गरज जिथे सगळ्यात जास्त, तिथे मदत सगळ्यात कमी, हा या योजनेचा अपघात नाही. तिची रचनाच अशी आहे.

न्यायालयांचंही ऐका. जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बोरिवलीतल्या एका रखडलेल्या योजनेचा निकाल देताना 1971 च्या झोपडपट्टी कायद्याच्या अंमलबजावणीचं परीक्षण करायला मुंबई उच्च न्यायालयाला सांगितलं. या कायद्याखालचे सोळाशेहून जास्त खटले तेव्हा प्रलंबित होते. कायदा गरिबाला घर मिळावं म्हणून केलेला, आणि त्याच्यावर सगळ्यात जास्त पोट भरतंय ते वकिलांचं.

बिल्डिंगच्या आत काय होतं, ते कागदावर दिसत नाही. विक्रीसाठी जास्तीत जास्त जमीन मोकळी राहावी म्हणून पुनर्वसनाच्या इमारती एका कोपऱ्यात दाटीने उभ्या राहतात. हेक्टरी किमान 500 घरं बसवा, असा मूळ नियम होता. आता 650. जगात गर्दी फार वाढू नये म्हणून कमाल मर्यादा घालतात, आम्ही किमान घालतो. घरटी पाच माणसं धरली तर हेक्टरला सव्वातीन हजार. मानखुर्दची लल्लूभाई कंपाउंड आणि गोवंडीची नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास ‘डॉक्टर्स फॉर यू’ या स्वयंसेवी संस्थेने आयआयटी मुंबईसोबत केला होता. त्यात दिसलं की दोन इमारतींतलं अंतर जेमतेम तीन मीटर, खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो आणि जिथे हवा-उजेड कमी तिथे क्षयरोगाचे रुग्ण जास्त. झोपडपट्टी आरोग्याला घातक म्हणून पाडली, आणि तिच्या जागी सरकारी नियमात बसवून क्षयरोगाची सोय केली.

आत्या जुन्या घराच्या ओट्यावर रोज संध्याकाळी भाकऱ्या भाजायची. तांदळाच्या आणि ज्वारीच्या, पन्नास-साठ. गल्लीतून कामावरून परतणारी पोरं उभ्याउभ्या घेऊन जायची. कुणी चार, कुणी सहा. उधारीची वही नव्हती, सगळं तोंडी. अकराव्या मजल्यावर भाकरी घ्यायला कोण येणार? पॅसेजमध्ये शेगडी मांडली तर धुराची तक्रार होते, आणि ती तक्रार चूकही नाही. खाली गेटजवळ बसली तर विक्रीच्या इमारतीचा वॉचमन उठवतो. त्या ओट्याचं महिन्याचं उत्पन्न पाच-सहा हजार होतं. परिशिष्ट-2 मध्ये घराची लांबी-रुंदी मोजली होती. ओटा मोजला नव्हता.

हे एकट्या आत्याचं नाही. धारावीतल्या कुंभारवाड्यात भट्टी अंगणात आणि माणूस मागे राहतो, तेरा कंपाउंडमध्ये भंगार खाली आणि झोपणं वर. तिथे घर आणि कारखाना वेगळे करता येत नाहीत. आपण ज्याला ‘सामुदायिक विकास’ म्हणतो आणि ज्यावर परिसंवाद घेतो, तो तिथे गल्लीच्या रुंदीत असतो. पोरं कुणाच्या नजरेखाली खेळतात, आजारी म्हातारीला पेज कोण नेऊन देतं, भिशीचा नंबर कुणाचा, हे सगळं दारं समोरासमोर असल्यामुळे चालतं. त्याची जागा बंद दारांच्या पॅसेजने घेतली की मग समाजमंदिरासाठी निधी मंजूर करावा लागतो.

आता यावरचा खरा आक्षेप. ‘लोकांनाच बिल्डिंग हवी असते. तुम्ही एसी खोलीत बसून गल्लीचं कौतुक करता.’ बरोबर आहे. मी स्वतः दोन बीएचकेमध्ये राहतो आणि सार्वजनिक नळावरची पाळी मला लहानपणीच्या सुट्टीपुरतीच माहीत आहे. लोकांना बिल्डिंग हवी असते, यात शंका नाही. पण त्यांच्यापुढे पर्याय काय ठेवला जातो? एका बाजूला गटाराकाठचं, कधीही जेसीबी येऊ शकेल असं घर, दुसऱ्या बाजूला टॉवरमधली खोली. मी आत्याला विचारलं होतं, तुला नक्की काय हवं होतं? ती म्हणाली, ‘संडास, आणि कुणी उठवणार नाही असा कागद.’ मजला तिने मागितलाच नव्हता.

याच दोन गोष्टी माणसाला त्याच्या जागेवरून न उचलता देता येतात का? येतात. पुण्यात करून झालंय. जवाहरलाल नेहरू शहरी पुनरुत्थान अभियान 2005 मध्ये सुरू झालं. त्यात शहरी गरिबांच्या मूलभूत सेवांसाठी पैसा होता, आणि त्या पैशातून येरवड्याच्या काही वस्त्यांमध्ये वेगळा प्रयोग झाला. ‘महिला मिलन’ या वस्त्यांतल्या बायकांच्या संघटनेने घरोघर जाऊन मोजणी केली. वास्तुविशारद प्रसन्न देसाई यांनी गल्लीचा नकाशा जसा होता तसा धरून आराखडे केले. पक्की घरं होती ती हलवली नाहीत, फक्त कच्ची पाडून त्याच जागी नवी बांधली. साधारण 270 चौरस फूट, जागा अरुंद असेल तर दोन किंवा तीन मजली, खाली ओटा ठेवून. एका घराचा खर्च तीन लाखांच्या घरात धरलेला. निम्मा केंद्राचा, बाकीचा राज्य आणि महापालिकेचा, आणि साधारण दहावा हिस्सा कुटुंबाचा. ज्याला चांगली फरशी किंवा आणखी काही हवं, त्याने पदरचे घालावेत.

तिथल्या गल्ल्या मी पाहिल्यात. त्या सुंदर वगैरे नाहीत. वायरी लोंबतात, काही जिने इतके उभे आहेत की म्हाताऱ्या माणसाने चढू नयेत. पण प्रत्येक घराला स्वतःचं दार, स्वतःचा संडास, आणि दाराबाहेर चप्पल-बादली-कुंडीची तीन फूट जागा. लिफ्ट नाही, म्हणून लिफ्टचं बिल नाही. एका घराने खाली इस्त्रीचं टेबल टाकलं होतं, आणि त्यासाठी त्याला कुणाची परवानगी लागली नव्हती. उणीव मोठी आहे ती जमिनीच्या कागदाची. घर नवं झालं, जमिनीच्या मालकीचा गुंता मात्र सुटला नाही. तो सुटला असता तर हा प्रयोग मोजक्या वस्त्यांपुरता राहिला नसता, असं मला वाटतं.

गंमत म्हणजे मुंबईनेही हे आधी करून बघितलं होतं. 1985 मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने झोपडपट्टी सुधार कार्यक्रम आला. वस्तीची सहकारी सोसायटी करायची, तिला जमीन तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायची, नळ-गटार-संडास सुधारायचे आणि घर दुरुस्तीला कर्ज द्यायचं. काही हजार कुटुंबांना पट्टे मिळालेही. मग 1991 मध्ये बिल्डरला अडीच एफएसआय, म्हणजे जमिनीच्या अडीचपट बांधकाम देणारी पुनर्विकास योजना आली, आणि चार वर्षांनी ‘फुकट घर’. शेजारच्या वस्तीला फुकट फ्लॅटचं स्वप्न दाखवल्यावर पट्ट्याचे हप्ते भरायला कोण तयार होईल? कार्यक्रम फसला म्हणून गुंडाळला असं नाही, त्याच्याहून मोठं आश्वासन बाजारात आलं. ज्या कार्यक्रमात लोकांना काहीतरी भरावं लागतं तो निवडणुकीच्या भाषणात चालत नाही, हे एक. आणि ज्यात बिल्डरला काही मिळत नाही तो मंत्रालयात चालत नाही, हे दुसरं.

ओडिशाने 2017 मध्ये शहरी झोपडपट्टीवासीयांना जमिनीचा हक्क देणारा कायदाच केला. जागा वारसाला जाते, बँकेत गहाण ठेवता येते, विकता येत नाही. विकता येत नाही ही अट महत्त्वाची, कारण ‘कागद दिला की विकून पुन्हा झोपडी बांधतील’ या जुन्या भीतीला ते उत्तर आहे. आपल्याकडे नागपुरात महापालिका, सुधार प्रन्यास आणि नझूलच्या (सरकारी) जमिनींवरच्या वस्त्यांना पट्टेवाटप सुरू झालं. रडतखडत का होईना, चालू आहे. म्हणजे ‘महाराष्ट्रात कायद्यात बसत नाही’ हे कारण उरलेलं नाही.

पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी भागाकडे बघितलं तरी हेच दिसतं. 2015 पासून देशभर जी घरं मंजूर झाली, त्यांतला सगळ्यात मोठा वाटा स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधणाऱ्यांचा आहे, ज्यांना केंद्राकडून दीड लाख मिळतात. झोपडपट्टी आहे तिथेच बिल्डरकरवी पुनर्विकास करण्याचा घटक इतका मागे पडला की 2024 च्या दुसऱ्या टप्प्यात तो घटकच राहिला नाही. देशाने आपला कौल दिलाय. पण मुंबईच्या झोपडीवाल्याला त्या दीड लाखाचा उपयोग शून्य, कारण अर्जातला पहिलाच प्रश्न असतो: जमीन कुणाच्या नावावर? सगळी गाडी त्या एका ओळीवर अडते.

मध्यमवर्गीय मित्रांचा राग मला ठाऊक आहे. ‘आम्ही वीस-वीस वर्षं ईएमआय भरायचा आणि यांना फुकट.’ या रागाचा पत्ता चुकलाय. एसआरएचं घर तुमच्या करातून बांधलेलं नाही, ते जमिनीच्या भावातून बांधलेलं आहे. उलट घरकर्जाच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंतची वजावट आपण वर्षानुवर्षं घेत आलो, आणि 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कृपेने गिरगाव-दादरच्या कितीतरी सुशिक्षित कुटुंबांनी तीन पिढ्या नाममात्र भाड्यात काढल्या. मदत सगळ्यांनीच घेतली. आपली मदत रिटर्नमध्ये लपते, त्यांची बिल्डिंगवर बोर्ड लावून दाखवली जाते.

भाडेकरूंचा प्रश्न मी सोडवू शकत नाही, पण तो टाळूनही चालणार नाही. 1 जानेवारी 2011 ही पात्रतेची शेवटची तारीख, म्हणजे कटऑफ; त्यानंतर आलेला माणूस झोपडपट्टीत बहुधा भाड्याने राहतो, आणि कागद दिला तरी तो खोलीमालकाच्या हाती पडेल. त्याच्यासाठी एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, 2008 मध्ये 160 चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली होती. पनवेलजवळ कोनला उभी राहिलेली त्यातली घरं शेवटी दोन-दोन जोडून गिरणी कामगारांना दिली गेली. त्यांचा हक्क होताच. पण भाड्याचं सरकारी घर म्हणून जे बांधलं ते भाड्याचं राहिलं नाही, आणि कटऑफची तारीख मात्र 1976, 1980, 1985, 1995, 2000, 2011 अशी उड्या मारत राहिली. पात्रतेची रेघ पुढे सरकवण्यापेक्षा भाड्याच्या खोल्या बांधून त्या भाड्याच्याच ठेवणं स्वस्त पडलं असतं, असा माझा अंदाज आहे.

आणि टॉवर होऊन गेलेत त्यांचं काय? ते पाडून ओटे बांधा, असं कोण म्हणेल. मुंबईत काही ठिकाणी, उदाहरणार्थ रेल्वे रुळाला खेटून असलेल्या वस्त्यांत, दुसरा मार्गही नव्हता. पण टॉवर दिला म्हणजे तो चालवण्याचा खर्चही दिला पाहिजे, निदान काही वर्षं. 1997 च्या नियमात बिल्डरने दर घरामागे 20,000 रुपये प्राधिकरणाकडे ठेवायचे आणि त्याच्या व्याजातून देखभालीला हातभार लावायचा, अशी तरतूद होती. सहा टक्के धरले तर वर्षाला 1,200, म्हणजे महिन्याला 100 रुपये. आत्याच्या बिल्डिंगचा मेंटेनन्स सुरुवातीला 900 होता, आता 1,600 आहे: दोन लिफ्ट, पाण्याचे पंप, वॉचमन, झाडूवाला, पॅसेजची वीज. भाकऱ्यांचं उत्पन्न बंद आणि 1,600 चा नवा खर्च सुरू. म्हणून बेचाळीस नंबर भिंतीवर. चार-सहा महिन्यांची थकबाकी साचली की एखादा एजंट येतो, रोख देऊन खोली घेतो, करार मात्र कागदावर येत नाही. मग आपण म्हणतो, ‘बघा, फुकटचं घर विकून गेले.’

सात मजल्यांच्या वर पुनर्वसनाची इमारत चढवायची असेल तर लिफ्ट आणि पंपाचा खर्च दहा वर्षं विक्रीच्या इमारतीवर बसवावा. तळमजल्यावर वस्तीतल्या कामधंद्यासाठी जागा ठेवण्याची सक्ती करावी. आणि ती ठेव कुठे आहे, किती व्याज जमलं, हे सोसायटीला दरवर्षी लेखी कळवावं. यातल्या शेवटच्या गोष्टीला तर धोरणही लागत नाही. एक क्लार्क आणि एक प्रिंटर पुरे.

आत्याच्या सोसायटीने त्या ठेवीबद्दल संबंधित कार्यालयात अर्ज केलाय. सेक्रेटरीला मराठी अर्ज नीट लिहिता येत नाही म्हणून मजकूर मी लिहून दिला, आणि आत्या स्वतः अकरा मजले उतरून, दोन गाड्या बदलून तो देऊन आली. उत्तर आलेलं नाही. आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच तिने फोटोपासच्या खाली, पिशवीत ठेवली आहे.